गिटारीचें लांकूड

वाचकांपैकीं पुष्कळांनीं चांदा जिल्हा पाहिला असेल तो ताडोबाच्या वाघांसाठीं. आम्ही मागच्या वैशाखांत तिकडे गेलों तें एका फळीसाठीं. त्याचें कारण असें कीं, आमच्या धाकट्या बंधूंच्या चिरंजिवानें विजेची गिटार स्वतःच्या हातांनीं करण्याचा संकल्प सोडला होता. आमच्या घराला वाद्यांचें वावडें नाहीं. मातोश्रींची पेटी आहे, वहिनींचा मिरजेचा तानपुरा आहे. परंतु वाद्य विकत आणावयाचें असतें, घरीं करावयाचें नसतें, अशीच सर्वांची समजूत. मुलानें ती मानली नाहीं. हिवाळ्यांत त्यानें नागपुरांतील एका दुकानांतून सागवानाची फळी आणली, महिनाभर खपून तिची दांडी कोरली, आणि अक्षय्यतृतीयेच्या सुमारास ती दांडी पापडासारखी पिळवटली. दुकानदारास बोल लावण्यांत अर्थ नव्हता. ओलें लांकूड ओळखतां न येणें हा दोष आमचाच. मुलगा दोन दिवस जेवणापुरतें बोलला. तिसऱ्या दिवशीं आम्हीच म्हणालों, "चल, लांकूड जेथें उगवतें तेथेंच जाऊन पाहूं."

निघण्यापूर्वीं एक गोष्ट समजून घेणें प्राप्त होतें. ज्या मिरजेच्या सतार-तानपुऱ्यांना २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, त्यांचा नाद भोपळ्याच्या पोकळींत आणि तुणीच्या लांकडाच्या पातळ तबलींत घुमतो. तेथें लांकूड स्वतः गातें. विजेच्या गिटारीचें तसें नाहीं. तिचें अंग भरीव असतें. पोलादी तारांखालीं एक लोहचुंबक, त्याभोंवतीं तांब्याच्या बारीक तारेचे हजारों वेढे. तार कांपली म्हणजे त्या वेढ्यांत सूक्ष्म विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो आणि ध्वनिवर्धक त्याचा आवाज करतो. अमेरिकेंत लेस पॉल या वादकानें १९४० च्या सुमारास पाइनच्या चार इंची चौकोनी ओंडक्यावर तारा चढवून असें वाद्य वाजवून दाखविलें होतें. मग लांकूड पारखावयाचें कशाला? तर सहा तारांची मिळून ओढ पंचेचाळीस किलोंच्या आसपास असते, आणि ती रात्रंदिवस दांडीवर असते. दांडी किंचित् वांकली कीं सूर गेला. अंगाच्या लांकडानें नादांत किती फरक पडतो याविषयीं वादकांत तंटे आहेत. त्यांत आम्ही पडत नाहीं. ह्या वाद्यांत लांकडानें मुख्यतः स्थिर राहावें, एवढेंच आम्हीं धरून ठेवलें.

नागपुराहून सकाळच्या गाडीनें चंद्रपूर गांठलें. गोंड राजांच्या परकोटाच्या वेशींतून आजही रिक्षा आणि मोटारी जातात. तेथून पुढें बल्लारपूर. वर्धेच्या कांठीं जुना किल्ला, आणि गांवांत वनखात्याचा सुप्रसिद्ध लांकूड-डेपो. नजर पोंचेपर्यंत सागवानाचे ओंडके थप्प्या लावून पडलेले. प्रत्येकाच्या तोंडावर हातोड्याची निशाणी आणि अंक. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठीं २०२३ च्या मार्चमध्यें सागवान रवाना झालें तें येथूनच. मुलगा एका ओंडक्याशेजारीं उभा राहिला तर ओंडका त्याच्या कमरेला लागला. "काका, यांतून किती गिटारी होतील?" त्यानें विचारलें. त्या डेपोचा व्यवहार लिलावाचा आणि घनमीटरांचा. हातभर लांकडाचा गिऱ्हाईक तेथें अगदींच पोरका दिसतो. परंतु निशाणीचा अर्थ तेथील एका कर्मचाऱ्यानें मन लावून समजाविला. जंगलांतून निघालेलें लांकूड कायद्याचें कीं चोरीचें, हें त्या निशाणीवरून आणि वाहतुकीच्या परवान्यावरून ठरतें. म्हणून ज्यांना लहान तुकडा घ्यावयाचा असेल त्यांनीं तो आरामशिनीवरून पावती करूनच घ्यावा. रस्त्याच्या कडेला कोणी स्वस्तांत देऊं केला तर हात लावूं नये. तेवढ्या स्वस्ताईसाठीं कोठें तरी एक उभें झाड पडलेलें असतें.

तेथून आम्ही गोंडपिपरीवरून आष्टीला वैनगंगा ओलांडून आलापल्लीस गेलों. १९८२ च्या ऑगस्टांत जुन्या चांदा जिल्ह्याची वांटणी होऊन गडचिरोली निराळा झाला. पुलापलीकडे तो सुरू होतो आणि रान दाट होत जातें. "आलापल्लीचें वनवैभव" या नांवानें राखलेला जंगलाचा तुकडा २०१४ सालीं महाराष्ट्रांतील पहिलें जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर झाला. तेथील साग पाहून आम्ही बराच वेळ बोललों नाहीं. वैशाखांत सागाचीं पानें झडलेलीं असतात. खांबासारखे सरळ बुंधे तेवढे वर गेलेले. ह्या झाडांना कुऱ्हाड नाहीं, हें समजल्यावर मुलानें हातांतील मोजपट्टी आपण होऊन पिशवींत टाकली.

वाटाड्या म्हणून बरोबर आलेल्या गृहस्थांनीं आम्हांस झाडांची ओळख करून दिली. सागाखालोखाल बिजा, म्हणजेच बिबळा. त्याचें लांकूड टणक आणि जड. शिवण पांढुरकी, हलकी व कमी वांकणारी; वाद्यांसाठीं तिचा लौकिक जुना आहे. हळदू पिंवळसर आणि बारीक पोताचा. फण्या आणि कोरीव कामासाठीं जुन्या लोकांचा आवडता. धावडा चिवट, म्हणून कुऱ्हाडीच्या दांड्याला. तेंदूचें पान विडीला जातें हें सर्वांस ठाऊक असतें, परंतु त्याच्या गाभ्याला आबनुसासारखें काळें लांकूड निघतें. शिसवीच्या जातींच्या व्यापारावर २०१७ पासून आंतरराष्ट्रीय कराराचे निर्बंध आहेत, इतकी मुख्यतः फर्निचरसाठीं तिला मागणी झाली.

मग एका झाडापाशीं ते थांबले. सुसरीच्या पाठीसारख्या भेगाळलेल्या सालीचा तो ऐन होता. गोंडांच्या श्रद्धेप्रमाणें बडादेवाचें ठाणें ह्या झाडांत असतें. बडादेवापुढें परधान जी किंगरी वाजवतात तें तंतुवाद्यच. मुलगा हळूच म्हणाला, "काका, परदेशांतले कारखाने हल्लीं ह्याच झाडाची पट्टी गिटारीच्या दांडीवर बसवतात." वाटाड्यांनीं तें ऐकलें, ऐनाकडे पाहिलें आणि कांहींच म्हटलें नाहीं. आम्हांसही पुढें कांहीं सुचलें नाहीं.

परततांना बल्लारपुरांत एका वयोवृद्ध मिस्त्रींची गांठ पडली. मुलानें आरामशिनीवरून पावती करून घेतलेली सागाची नवी फळी त्यांच्यापुढें ठेवली. त्यांनीं ती उचलून पाहिली, टोंकाच्या रेघा पाहिल्या, एक डोळा मिटून कडेवरून नजर फिरविली आणि बोटाच्या पेरानें ठोकली.

"पोरा, हे लाकूड अजून पानी धरून हाये," ते म्हणाले. "इंचाले एक वरीस वाळू द्या लागते. घरी जुनी चौकट-गिकट नाही का तुमच्या?"

मुलाचा चेहरा उतरला. परंतु मिस्त्रींनीं त्याला तसें सोडलें नाहीं. दांडीचें लांकूड असें घ्यावें कीं टोंकाकडून पाहिल्यास वर्षवलयांच्या रेघा उभ्या दिसतील. आडव्या रेघांची पट्टी हवेच्या फरकानें लवकर वांकते. रुंद फळींतही कडेकडेला रेघा बहुधा उभ्या होत जातात, तेथून पट्टी काढावी. मुलानें हत्यारांची मोठी यादी आणली होती. मिस्त्रींनीं ती ऐकून घेतली आणि बोटांवर आपली मोजली: एक हातकरवत, वळणांसाठीं एक कमानी करवत, एक रंधा, अर्ध्या पावाची आणि एक इंची अशा दोन पटाश्या, गिरमिट, खरबरीत कानस, गुण्या, खतावणी आणि चार शिकंजे. चुंबकाच्या खांचेसाठीं विजेचें यंत्र नको. गिरमिटानें शेजारीं शेजारीं भोकें पाडावींत आणि मधलें पटाशीनें साफ करावें. दहावें हत्यार धारेचा दगड, आणि मिस्त्रींच्या मतें तेंच पहिलें. सागवानांत वाळूचा अंश असतो, तो पात्याची धार खातो. बोथट पटाशीला जोर लावावा लागतो आणि जोर लावला कीं ती निसटते. त्यांच्या डाव्या तळहातावरचा व्रण त्यांनीं पुराव्यादाखल दाखविला. सागाला अंगचें तेल असतें, म्हणून सरस लावण्यापूर्वीं ताजा रंधा मारून स्पिरिटनें पुसावें, आणि घासतांना नाकातोंडाला फडकें बांधावें, हेंही त्यांचेंच सांगणें.

परतीच्या गाडींत मुलगा एकाएकीं उजळला. ब्रायन मे नांवाच्या इंग्रज मुलानें १९६३ सालीं वडिलांच्या मदतीनें घरींच अशी गिटार करावयास घेतली. दांडी जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या महोगनीची, आणि किडीचीं भोकें आगकाड्यांनीं बुजविलेलीं. ती गिटार त्यानें जन्मभर वाजविली, आणि २००७ सालीं खगोलभौतिकींतील डॉक्टरेटही मिळविली. ही शेवटची बाब घरांतील वडील मंडळींस सांगण्यासारखी म्हणून आम्हीं लक्षांत ठेवली. त्याचा साथीदार गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या पांचगणीच्या शाळेंत शिकलेला, हेंही त्याच वेळीं कळलें. "आपल्याकडे शेकोटी नाहीं," मुलगा म्हणाला, "पण झोपाळ्याची फळी आहे."

ती फळी आमच्या आजोबांची. ते चांद्यास जंगलखात्यांत कारकून होते. १९३८ च्या सुमारास त्यांनीं ती आलापल्लीच्या सागाची करवून आणली. पांच फूट लांब, दीड फूट रुंद, दोन इंच जाड. महालांतील वाडा पाडून सदनिका झाल्या तेव्हांपासून ती कपाटामागें उभी होती. त्या रात्रीं जेवणें झाल्यावर गोष्ट निघाली. दादा संतापले. "आजोबांच्या झोपाळ्यावर करवत? आणि तीही गिटारीसाठीं?" वहिनी गप्प राहिल्या. धाकटे बंधू मुलाला उठून जा म्हणाले. आम्हीं मिस्त्रींचें म्हणणें सांगून पाहिलें, पण तें आमच्याच कानांना अपुरें वाटलें. दादांचें चुकत होतें असें नाहीं. त्या फळीवर त्यांची मुंज ठरली होती, आमच्या बहिणीचें लग्न ठरलें होतें.

शेवटीं मातोश्री बोलल्या. "वाडा पाडलांत तेव्हां मला कोणीं विचारलें होतें? तेव्हां कोणाचा हात थरथरला नाहीं, आणि आतां कपाटामागच्या फळीला जपतां! अर्धी त्याला द्या. उरल्या अर्धीचे मला बसायला पाट करा."

दादा उठून खोलींत गेले. दुसऱ्या दिवशीं सकाळीं फळी बाहेर काढून खतावणीनें रेघ मारूं लागलों तों तेच येऊन दुसरें टोंक धरून उभे राहिले.

तीस इंचांच्या तुकड्यांत अंग आणि कडेची दांडी शेजारीं शेजारीं नेमकीं बसलीं. वरचा काळा थर रंध्यानें निघाला तसें आंतून सोनेरी लांकूड दिसूं लागलें, आणि ऐंशीं-पंचाऐंशीं वर्षांनीं त्याचा वास घरभर झाला. दांडीवरच्या पडद्यांचा हिशेब वहिनींनीं केला. त्या गणिताच्या अध्यापिका. तारेची लांबी ६४८ मिलिमीटर, तिला १७.८१७ नें भागलें कीं पहिला पडदा ३६.४ वर येतो. उरलेल्या लांबीस पुन्हां त्याच संख्येनें भागावें, आणि असें बारा वेळां केल्यावर बारावा पडदा नेमका अर्ध्यावर, ३२४ वर, म्हणजे वरच्या षड्जावर येतो. तो तसा आला नाहीं तर वरचें कोठें तरी चुकलें असें समजावें. चूक कागदावर खोडतां येते, लांकडावर नाहीं, म्हणून त्यांनीं कोष्टक तीन वेळां तपासून दिलें.

ज्या घरांतील मुलामुलींस असा छंद लागला असेल त्यांनीं दुर्मिळ लांकडामागें धांवूं नये. वाळलेलें, सरळ रेघांचें आणि पावतीचें असावें. घरांत जुनें असल्यास आधीं तें पाहावें, आणि तें कापण्यापूर्वीं घरांतल्या वडीलधाऱ्यांस विचारावें.

पावसाळा संपला. दांडी चार महिने नुसतीच खुंटीवर टांगून ठेवली होती. परवां पोलादी पट्टी लावून पाहिली, ती सुतांत आहे. तारा अजून चढावयाच्या आहेत. बल्लारपूरची नवी फळी माळ्यावर आडवी ठेवली असून तिच्यावर मुलानें खडूनें तारीख घातली आहे. मातोश्री पाटावर बसून पेटी वाजवतात आणि मधून मधून विचारतात, "झालें का रे तुझें?"