काच दिसू नये म्हणून

जेजुरीहून परतताना दिवे घाटात मावळतीचा सूर्य समोर आला आणि गाडीची पुढची काच एकाएकी पांढरी झाली. रस्ता, कठडा, पुढचा टेम्पो, सगळंच ताकात बुडाल्यासारखं. मी वेग कमी केला. शेजारी आई बसली होती. दोन महिन्यांपूर्वीच तिच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले होते. तिनं दोन-तीनदा पापण्या घट्ट मिटून उघडल्या आणि हळूच विचारलं, "अगं, माझा डोळा परत बिघडला का गं?"

"नाही आई, काच खराब आहे," मी म्हटलं. तिचा सुटकेचा सुस्कारा ऐकला आणि मला फार वाईट वाटलं. सत्तरीत जिला पुन्हा झाडाचं पान न् पान सुटं दिसू लागलं होतं, तिला मी डागाळलेल्या काचेमागे बसवून देवाला घेऊन गेले होते.

दुसऱ्या दिवशी सहालाच बादली घेऊन खाली उतरले. ऊन चढलं की काच तापते आणि पाणी पुसायच्या आत वाळतं; सगळं दुखणं त्या वाळण्यातच आहे. आमच्या सोसायटीला बोअरचं पाणी. ज्या पाण्यानं गीझरच्या कॉइलवर पापुद्रे चढतात, त्याच पाण्यानं गाडी धुतली जाते. थेंब उडून जातो, त्यातले क्षार मात्र जागेवर राहतात. काचेला गाल लावून तिरकं पाहिलं तर शेकडो वर्तुळं दिसली, प्रत्येकाची कड जाड आणि मध्य विरळ. थेंब कडेला लवकर सुकतो, आतलं पाणी कडेकडे सरकतं आणि येताना क्षार घेऊन येतं. दुधाच्या पातेल्याला कड धरते ना, अगदी तशीच.

हे क्षार परके नाहीत. दख्खनचा काळा पाषाण झिजता झिजता पाण्याला कॅल्शियम आणि मॅग्नेशियम देतो. त्याच पाषाणाच्या पोकळ्यांत कॅल्साइटचे देखणे स्फटिक सापडतात. दिवे घाटाचा कडा ज्या दगडाचा, त्याचाच अंश माझ्या काचेवर साय धरून बसला होता. काचही वाळू, सोडा आणि चुनखडी वितळवूनच होते. हे कळल्यापासून त्या डागांवर चिडावंसं वाटत नाही, पण ते काढायचे तर असतातच.

आधी नुसतं भरपूर पाणी. हे मी जीव तोडून सांगते, कारण बहुतेक काचा कोरड्या फडक्यानं खराब होतात. धुळीत गारगोटीचे कण असतात आणि गारगोटी काचेपेक्षा कठीण. कोरडं फडकं फिरवणं म्हणजे काचेला हलक्या हातानं पॉलिशपेपर लावणं. धूळ वाहून गेली की बोटांवर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून काचेवरून हात फिरवावा. उघड्या बोटाला जे गुळगुळीत वाटतं ते पिशवीतून खरखरतं. डोळ्यांआधी हाताला कळतं.

मग व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं. जुन्या सुती पंच्याचे तुकडे त्यात भिजवून काचेवर पसरले आणि दहा मिनिटं स्वस्थ बसले. आम्ल क्षारांना विरघळवतं, घासायची घाई नको. ओघळ रंगावर आणि रबराच्या बीडिंगवर राहू द्यायचे नाहीत, लगेच पाण्यानं धुवायचे. बाजारात क्षणात डाग घालवणारी काही रसायनं मिळतात. त्यांत हायड्रोफ्लोरिक आम्ल असेल तर बाटलीला हातही लावू नका. ते काचही खातं आणि माणसाचं मांसही.

पंचे उचलले तेव्हा बरीचशी वर्तुळं गेली होती. जी उरली ती काचेवर बसलेली नव्हती, काचेत उतरली होती. डाग वर्षानुवर्षं राहिले की पृष्ठभागच खाल्ला जातो. त्यावर सिरियम ऑक्साइडची पूड. ती पाण्यात कालवून नमद्याच्या तुकड्यानं, थोड्या थोड्या जागेवर, सतत ओली ठेवून घोळवायची. सुकली की काच तापते. दोन तासांत वीतभर जागा नितळ झाली. वायपरनं ओढलेली कमान मात्र तशीच आहे. नख जिथं अडकतं तो ओरखडा घरी काढू नये. घासून घासून तिथं खळगा पडतो आणि रस्ता वाकडा दिसू लागतो. रबर कडक झालं की पाती वेळेवर बदलायची, एवढाच त्यावर उपाय.

वायपर फिरताना मला मेरी अँडरसन आठवते. अमेरिकेतल्या अलाबामाची ही बाई न्यूयॉर्कला गेली असताना ट्रामच्या चालकाला हिमवर्षावात समोरचं दिसेना, हे तिनं पाहिलं. आतून दांडा फिरवून काच पुसण्याच्या युक्तीचं पेटंट तिला १९०३ साली मिळालं. त्यातून तिला पैसा मिळाला नाही. पण दुसऱ्याला दिसत नाही, हे तिला दिसलं होतं.

आतली बाजू लोक विसरतात. उन्हात तापलेल्या डॅशबोर्डच्या प्लास्टिकमधून वाफा निघतात आणि काचेवर तेलकट पापुद्रा धरतो. रात्री समोरच्या दिव्यांची फुलं फुलतात ती त्यामुळेच. किंचित ओलं मायक्रोफायबर, मग कोरडं. आतून उभे हात, बाहेरून आडवे, म्हणजे उरलेली रेघ कुठल्या बाजूची ते लगेच कळतं. मागच्या काचेवरच्या तापणाऱ्या तारांवरून मात्र त्यांच्याच दिशेनं हात न्यायचा, नाहीतर त्या तुटतात.

पुढच्या महिन्यात आईला घेऊन पुन्हा त्याच वाटेनं आले. तीच वेळ, तसाच सूर्य समोर. घाट उतरताना आई काचेबद्दल काहीच बोलली नाही. खाली बोट दाखवून म्हणाली, "तो बघ, मस्तानी तलाव." तलावात पाणी होतं.