अकरावा गडी

फुटबॉलच्या संघात अकरा गडी असतात, असे नियमांचे पुस्तक म्हणते. मला विचाराल तर संघ दहा जणांचाच असतो. अकरावा त्यांच्या ओळखीचा असतो, एवढेच. दहा जण एकमेकांना चेंडू देतात, एकमेकांवर ओरडतात आणि गोल झाला की एकमेकांच्या गळ्यात पडतात. अकरावा त्या वेळी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला एकटाच टाळ्या वाजवीत उभा असतो. त्याचा सदरा निराळ्या रंगाचा, त्याचे नियम निराळे. पंगतीत सोवळ्यातल्या आजोबांचे पान जरा बाजूला मांडावे, तसा त्याचा थाट!

लहानपणी आमच्या गल्लीच्या संघात ज्याला पळता येत नसे त्याला गोलात उभे करीत. न पळण्याबद्दल माझी कीर्ती मोठी असल्यामुळे ते पद मला बिनविरोध मिळाले. पुढे मुंबईला कूपरेजवर रोव्हर्स चषकाचे सामने पाहू लागलो, तेव्हा जुन्या सवयीने मी गोलाच्या जाळीमागचीच जागा धरीत असे. तिथून एक गोष्ट कळते, ती भारी तिकिटाच्या खुर्चीवरून कळत नाही. इतर गड्यांना प्रेक्षकांचा नुसता गलका ऐकू येतो; गोलकीपरला शब्द ऐकू येतात. त्याच्या रंगावरून, नावावरून, क्वचित त्याच्या आईवरूनही पाठीमागे कोणी काही बोलत असते, आणि त्याला मान वळवायची सोय नसते. नजर समोर आणि कान मागे, अशी दीड तासाची नोकरी ती.

शिवाय हिशेबाची तऱ्हा पाहा. पुढच्या फळीतल्या गड्याने दहा संधी घालवल्या आणि अकराव्या वेळी चेंडू जाळ्यात मारला, तर लोक त्याला खांद्यावर घेतात. गोलकीपरने दहा चेंडू अडवले आणि अकरावा सोडला, तर त्या अकराव्याचीच तेवढी वहीत नोंद होते. 24 फूट रुंद आणि 8 फूट उंच अशा दारात त्याने उभे राहायचे. पेनल्टीचा चेंडू अवघ्या 12 यार्डांवरून येतो. तो पोचायला अर्ध्या सेकंदाच्या आसपास वेळ लागतो. रेल्वेचा सांधेवाला आणि हा, दोघे एकाच जातीचे. गाड्या नीट गेल्या, तर त्यांचे नावही कोणी घेत नाही.

अशा दोन गोलकीपरांची आयुष्ये मी वाचली. ती मनात शेजारी शेजारी ठेवल्यापासून मला स्वस्थता नाही.

पहिला बर्ट ट्राउटमान. 1923 साली जर्मनीतल्या ब्रेमेन शहरात जन्मला. दहाव्या वर्षी हिटलरच्या बालसंघटनेत गेला, मोठेपणी छत्रीधारी सैनिक झाला, रशियाच्या आघाडीवर लढला आणि 1945 साली इंग्रजांच्या हाती सापडला. लँकेशायरमधल्या युद्धकैद्यांच्या छावणीत वेळ जावा म्हणून फुटबॉल चाले; तिथे हा गोलात उभा राहू लागला. 1948 साली सुटका झाली, तेव्हा मायदेशी परतण्याऐवजी तो इंग्लंडातच राहिला. आणि 1949 च्या ऑक्टोबरात मँचेस्टर सिटीसारख्या मोठ्या क्लबाने त्याला घेतले.

युद्ध संपून उणीपुरी साडेचार वर्षे झाली होती. जर्मन बाँबगोळ्यांनी पडलेली घरे मँचेस्टरमध्ये अजून तशीच होती. शहरात ज्यूंची वस्ती मोठी. या नेमणुकीविरुद्ध सुमारे वीस हजार लोक निषेधाला रस्त्यावर आले. अशा वेळी अलेक्झांडर आल्टमान नावाच्या ज्यू धर्मगुरूंनी वर्तमानपत्रात खुले पत्र लिहिले. ते स्वतः जर्मनीतून परागंदा होऊन आलेले; त्यांचे आईबाप नाझींनी मारलेले. देशाच्या पापाचे प्रायश्चित्त एका माणसाला देऊ नका, असे त्यांनी सांगितले. संघाचा कप्तान एरिक वेस्टवुड नॉर्मंडीच्या लढाईत लढलेला होता. आमच्या कपडे बदलण्याच्या खोलीत युद्ध चालू नाही, असे म्हणून त्याने या जर्मनाचे स्वागत केले.

प्रेक्षकांना मात्र असे शहाणपण एका दिवसात येत नाही. 1950 च्या जानेवारीत लंडनला फुलहॅमविरुद्ध सामना होता. जाळीमागून शिव्यांचा पाऊस पडत होता. सिटीचा संघ दुबळा होता आणि त्याचा धुव्वा उडणार, अशी सर्वांची खात्री होती. पण ट्राउटमानने चेंडूमागून चेंडू अडवले आणि सामना अवघ्या एका गोलाने गेला. शेवटची शिट्टी झाली, तेव्हा तेच प्रेक्षक टाळ्या वाजवीत उठून उभे राहिले. दोन्ही संघांच्या खेळाडूंनी दुतर्फा रांगा करून त्याला मधून जाऊ दिले.

पुढची कथा पुष्कळांना ठाऊक असेल. 1956 च्या मे महिन्यात वेम्ब्लीवर एफ. ए. कपचा अंतिम सामना होता. सतरा मिनिटे उरली असताना समोरून आलेल्या खेळाडूच्या पायांवर त्याने झेप घेतली आणि गुडघा त्याच्या मानेवर बसला. बदली खेळाडू घेण्याची त्या काळी सोय नव्हती. डोळ्यांपुढे अंधारी येत असताना तो उरलेला वेळ उभा राहिला, आणखी चेंडू अडवले, आणि सिटीने सामना 3–1 असा जिंकला. मान नुसती लचकली असेल अशी प्रथम समजूत होती. चार दिवसांनी क्ष-किरणांचे चित्र निघाले, तेव्हा मानेचा मणका दुभंगला असल्याचे कळले. तो प्लॅस्टरमध्ये असतानाच, थोड्याच आठवड्यांत, त्याचा पाच वर्षांचा मुलगा मोटारीखाली सापडून गेला. मोडलेला मणका सांधतो. हे दुःख त्याला जन्मभर पुरले. तरी वर्ष संपायच्या आत तो पुन्हा गोलात उभा होता. 1964 साली तो निवृत्त झाला, तेव्हा त्याच्या निरोपाच्या सामन्याला सुमारे 47 हजार माणसे लोटली, आणि 2004 साली ब्रिटनच्या राणीच्या सरकारने त्याला किताब दिला.

आता दुसरा. मोआसीर बार्बोसा, ब्राझीलचा, वर्णाने काळा, त्या देशातला त्या काळचा अव्वल गोलकीपर. 1950 साली विश्वचषक ब्राझीललाच होता. स्वीडनवर 7–1, स्पेनवर 6–1, असे विजय मिळवीत संघ शेवटच्या सामन्यापर्यंत आला. उरुग्वेशी बरोबरी झाली तरी चषक त्यांचा होता. 16 जुलैला रिओच्या माराकाना मैदानावर दोन लाखांच्या घरात लोक जमले. एका वर्तमानपत्राने तर सामन्याआधीच संघाचे छायाचित्र ‘जगज्जेते’ म्हणून छापले होते.

ब्राझीलचा एक गोल झाला. मग उरुग्वेच्या घिज्जाने उजव्या बगलेवरून मध्ये चेंडू दिला आणि स्कियाफिनोने बरोबरी साधली. 79 व्या मिनिटाला घिज्जा पुन्हा तसाच धावत आला. मघासारखाच तो चेंडू मध्ये देणार, असे ताडून बार्बोसा पाऊलभर पुढे सरकला. कोणाही जाणत्या गोलकीपरने तेच केले असते. घिज्जाने चेंडू त्याच्या आणि जवळच्या खांबाच्या मधल्या फटीतून आत मारला. उरुग्वे 2, ब्राझील 1.

बार्बोसा त्यानंतर पन्नास वर्षे जगला. पुष्कळ वर्षे खेळलाही. खेळ थांबल्यावर त्या माराकाना मैदानावरच त्याने नोकरी केली. एकदा दुकानात एका बाईने आपल्या मुलाला त्याच्याकडे बोट दाखवून सांगितले, ‘साऱ्या ब्राझीलला रडवणारा माणूस तो हा.’ 1993 साली तो राष्ट्रीय संघाला भेटायला गेला, तर अपशकुन नको म्हणून त्याला आत येऊ दिले नाही. आमच्या देशात मोठ्यात मोठी सजा तीस वर्षांची आहे, मी पन्नास वर्षे भोगतो आहे, असे तो म्हणे. 2000 सालच्या एप्रिलमध्ये तो वारला.

एकाला लोकांनी युद्ध माफ केले. दुसऱ्याला एक गोल माफ केला नाही. हे कसे झाले?

काळ्या वर्णाचा यात हात होता, हे नाकारता येणार नाही. त्या पराभवाचे खापर ज्या तिघांच्या माथी मुख्यतः फुटले, ते तिघेही काळे होते. पण एवढ्याने माझे समाधान होत नाही. मला वाटते, ट्राउटमानकडून कोणाची काहीच अपेक्षा नव्हती. शत्रूच तो! त्याने अडवलेला प्रत्येक चेंडू लोकांच्या लेखी नफ्याचा. शिवाय शत्रूला क्षमा केली की क्षमा करणाराचीही मान जरा उंच होते. बार्बोसा घरचा, आणि घरात पेढे आधीच वाटून झाले होते. असे पेढे वाटून झाल्यावर ज्या घरातला मुलगा नापास होतो, त्या घरात काय होते, हे मी सांगायला नको. त्याला क्षमा करायची, तर आपण निकालाआधीच हलवायाकडे का गेलो, हेही विचारावे लागते. त्यापेक्षा मुलाकडे बोट दाखवणे सोपे. पाहुण्यांच्या पोराने चिनी मातीची बरणी फोडली, तर ‘असू दे हो’ म्हणणारे आम्हीच, आपल्या पोराने कपबशी फोडली की सहा महिने ती विसरत नाही.

म्हणून अलीकडे मी घरात एक निराळी वही ठेवायचे ठरवले आहे, अर्थात मनातल्या मनात. अडवलेल्या चेंडूंची वही. परवा फराळाच्या चकल्या तळताना तुटू लागल्या. भाजणी बिघडली की पाणी जास्त झाले, यावर मंडळींची चौकशी समिती बसली. मी तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन गेल्या तीस दिवाळ्यांच्या न तुटलेल्या चकल्यांचा हिशेब मोठ्याने वाचून दाखवला. आतून काही उत्तर आले नाही. पण थोड्या वेळाने माझ्यापुढे बशी आली, तीत इतरांपेक्षा दोन चकल्या जास्त होत्या. तुटक्या होत्या, खुसखुशीत मात्र नेहमीसारख्याच.