सॉफ्टनरचा जमाखर्च



मागच्या आठवड्यात मंदिरात पूजा झाल्यावर दोघीतिघींनी एकच प्रश्न विचारला, "काकू, तुमच्याकडे ते पाण्याचं मशीन बसवलंय ना? आम्हीही घ्यायचं म्हणतोय. कसं आहे?" पायऱ्यांवर उभ्या उभ्या मी "चांगलं आहे" म्हटलं आणि चपला घातल्या. घरी आल्यावर ते उत्तर टोचत राहिलं, कारण ते अर्धंच होतं. उरलेलं अर्धं आज लिहिते.

आमचं जुनं घर खामगावात मंदिराजवळ होतं आणि मागच्या अंगणात विहीर होती. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी पहिली शिकवण दिली ती पाण्याची. पाणी शेंदायचं, जाड दुहेरी कापडातून गाळायचं, मग गाळणं उलटं करून त्यावर गाळलेलंच पाणी घालायचं आणि ती जिवाणी तळाला कडी असलेल्या बादलीतून परत विहिरीत सोडायची. बादली पाण्याला टेकल्यावरच उलटायची, वरून धाडकन ओतायची नाही. मी तेव्हा नुकतीच बी.कॉम. झालेली. मनात म्हणायचे, एवढ्याशा पाण्यासाठी केवढा हा खटाटोप! सासूबाई म्हणायच्या, "ज्याचं त्याला परत पोचवायचं."

सहा वर्षांपूर्वी आम्ही नव्या लेआउटमध्ये राहायला आलो. इथं विहीर नाही, बोअर आहे. नळाला ज्ञानगंगा धरणाचं पाणी येतं, पण रोज येत नाही, त्यामुळे वापराची सगळी भिस्त बोअरवर. आणि बोअरचं पाणी जड. तुमच्यापैकी बहुतेकींना वेगळं सांगायला नको. नळाच्या तोट्यांवर पांढरे थर, स्टीलच्या ताटांवर डाग, कितीही साबण लावला तरी फेस नाही, धुतलेला टॉवेल पापडासारखा कडक. तूरडाळ शिजता शिजत नाही. पाणी उकळायच्या पातेल्यात आठ दिवसांत चुन्याचं अस्तर धरायचं. सिरका आपल्याकडे वर्ज्य, म्हणून मी ते लिंबाच्या सतानं काढायची. दोन वर्षांत गीझरची कॉइल दोनदा गेली. दुसऱ्यांदा मेकॅनिकनं ती काढून दाखवली, तर मनगटाएवढा दगडच!

आमचे हे ते पाहून हसले. त्यांची सगळी नोकरी एका सरकीच्या तेलाच्या मिलमध्ये हिशेब लिहिण्यात गेली. म्हणाले, "आमच्या बॉयलरला हे चालत नसे." बॉयलरच्या नळ्यांवर असा थर बसला की उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही, जळण जास्त लागतं आणि नळी तापून फुटण्याची भीती असते. म्हणून बॉयलरआधी सॉफ्टनरची मोठी टाकी होती. बॉयलरवरचा माणूस रोज त्या पाण्याचा नमुना घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकायचा. रंग निळा आला तर पाणी ठीक, लालसर आला तर टाकीला मीठ द्यायची वेळ झाली. मिलमध्ये जे गरजेचं, ते घरात का नको, असं सगळ्यांनाच वाटलं. सूनबाईच्या केसांची तक्रार होतीच. झालं, मशीन घ्यायचं ठरलं.

विकायला आलेल्या मुलानं दोन बाटल्यांत साबणाचा एकेक थेंब टाकून हलवून दाखवलं. आमच्या पाण्यात दह्यासारखा साका, त्याच्या पाण्यात भरभरून फेस. शाळेच्या पुस्तकातले दुष्फेन आणि सुफेन हे शब्द तिथं आठवले. पण त्याच्याकडे टीडीएस मोजायचं पेनही होतं. ते मी दोन्ही बाटल्यांत बुडवायला लावलं. आकडा जवळजवळ तोच, उलट थोडा वाढलेला. मी विचारलं, "बाबा रे, मशीननं क्षार काढले तर आकडा कमी का झाला नाही?" तो म्हणाला, "काकू, मशीन नवीन आहे, होईल कमी." मला ते पटलं नाही, पण मी गप्प बसले. बी.कॉम. झालेल्या बाईनं ताळेबंद जुळत नसताना गप्प बसायला नको होतं.

तो आकडा कधीच कमी होणार नव्हता, आणि हीच गोष्ट मशीन घेण्याआधी प्रत्येकीनं समजून घ्यावी. पाणी जड होतं ते खडकातून विरघळून आलेल्या कॅल्शियम आणि मॅग्नेशियममुळे. सॉफ्टनरच्या टाकीत रेझिनचे बारीक मणी असतात. ते कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि त्या बदल्यात पाण्यात सोडियम सोडतात. म्हणजे क्षार जात नाहीत, फक्त अदलाबदल होते. मण्यांजवळचं सोडियम संपलं की त्यांना मिठाचं पाणी पाजायचं. मग ते पुन्हा सोडियम घेतात आणि धरलेलं कॅल्शियम सोडतात. ते सगळं खारट पाणी नळीवाटे बाहेर टाकलं जातं.

पहिले तीन महिने मी खूष होते. साबण निम्म्यावर आला, तोट्या चकचकीत, टॉवेल मऊ. सूनबाईचे केस गळायचे थांबले असं मी म्हणणार नाही, पण चिकट राहायचे थांबले. मशीन सगळ्या घराला जोडलं होतं, स्वयंपाकघरापासून संडासापर्यंत. मीठ देण्याचं वेळापत्रक त्या मुलानंच लावलं होतं, दर दोन दिवसांनी. बाहेर टाकायच्या पाण्याची नळी मागच्या अंगणात लिंबाच्या झाडाजवळ सोडली होती. आम्हाला वाटलं, तेवढंच झाडाला पाणी.

उन्हाळ्यात लिंबाच्या पानांच्या कडा करपल्या. आम्ही म्हटलं, ऊन फार. मग मृगाचा पाऊस पडला आणि मी मागच्या दारी गेले, तर झाडाच्या आळ्यात पाणी नुसतं साचून राहिलेलं, मुरायचं नाव नाही. चार दिवसांनी ते वाळलं. वर पांढरी पापडी आणि खाली माती विटेसारखी टणक. मी तिथंच उकिडवी बसले. ही माती मी ओळखत होते.

माझं माहेर संग्रामपूर तालुक्यातलं, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातलं. अमरावती, अकोला आणि आपला बुलढाणा, या तीन जिल्ह्यांतली जवळजवळ ९०० गावं या पट्ट्यात येतात. तिथं जमिनीखाली पाणी भरपूर, पण खारं. ते पाणी जड नव्हे, खारं; त्यात सोडियमचंच प्राबल्य. शेताला दिलं तर काळी माती चिकटून बसते, पाणी मुरत नाही, वाळली की दगड. माझे वडील भरल्या विहिरीकडे पाहत आणि पावसाची वाट बघत. आई पागोळ्यांचं पाणी पत्र्याच्या डब्यात धरून गाळून ठेवायची, त्यात डाळ शिजवायची. आता वान धरणाचं पाणी नळानं तिकडच्या गावांना मिळतं, पण आमची पिढी त्या विहिरींवर वाढली. त्या भागात मूत्रपिंडाच्या आजारानं किती घरं हवालदिल झाली, हे तुम्हाला ठाऊकच आहे. असलं पाणी सोडून मी खामगावात आले, आणि इथं स्वतःच्या हातानं मीठ विकत आणून स्वतःच्या अंगणाचा खारपाणपट्टा केला.

त्या रात्री मी वही काढली. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेतून पाणी तपासून घेतलं होतं. जडपणा लिटरला ४२० मिलिग्रॅम. आपल्या देशाच्या मानकात २०० चांगलं, दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालतं. म्हणजे आमचं बोअरचं पाणी प्यायला वाईट नव्हतंच! फक्त गीझरला आणि साबणाला वाईट होतं.

आमचं मशीन २५ लिटर रेझिनचं. एकदा मीठ दिलं की आमच्या पाण्यावर ते सुमारे ३००० लिटर चालतं. घरातला वापर दिवसाला ७०० लिटर धरला, तरी मीठ चार दिवसांनी द्यायला हवं. आम्ही देत होतो दोन दिवसांनी. दर वेळी ४ किलो मीठ आणि मणी धुण्यात जाणारं २०० लिटर पाणी. महिन्याला १५ वेळा, म्हणजे ६० किलो मीठ आणि ३००० लिटर पाणी. त्यातलं निम्मं तर कशासाठीच नाही.

दुसरी नोंद आमच्या ह्यांच्या नावावर. त्यांना रक्तदाबाचा त्रास, डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलेलं. जडपणाच्या प्रत्येक मिलिग्रॅममागे पाण्यात साधारण ०.४६ मिलिग्रॅम सोडियम उतरतं. आमच्या पाण्यात लिटरला १९० च्या वर. उन्हाळ्यात ते तीन लिटर पाणी पितात, म्हणजे जवळजवळ दीड ग्रॅम मिठाइतकं सोडियम नुसत्या पाण्यातून. जागतिक आरोग्य संघटना निरोगी माणसालाही दिवसभरात ५ ग्रॅमच्या आत मीठ खा म्हणते. मी भाजीतलं मीठ चिमटीनं कमी करत होते आणि माठातून ते परत वाढत होतं. गाळून, उकळूनही ते जात नाही.

आणि तिसरी नोंद आपल्या घरची. पाण्यात जलकाय जीव, खडेमिठात पृथ्वीकाय. गृहस्थाला स्थावर जीवांची हिंसा पूर्ण टाळता येत नाही, हे आपल्याला शिकवलंय. पण विनाकारण पाणी सांडणं, विनाकारण माती खणणं याला आपल्या श्रावकाचारात नाव आहे, प्रमादचर्या. अनर्थदंडातला तो एक प्रकार. दर दोन दिवसांनी उगाच वाहिलेलं २०० लिटर पाणी दुसरं काय होतं? मी रोज सकाळी तांब्याभर पाणी दुहेरी कापडातून गाळत होते, आणि मागच्या दारी पिंपभर पाणी खारट करून सोडत होते.

मशीन काढून टाकलं का? नाही. प्रामाणिकपणे सांगते, तिसऱ्या कॉइलचे पैसे आणि तो पापडासारखा टॉवेल मला पुन्हा नको होता. पण घडी बदलली. ज्यांच्या घरी मशीन आहे किंवा येणार आहे, त्यांच्यासाठी लिहिते:

• प्लंबरकडून वेगळी लाइन काढून घेतली. सॉफ्टनरचं पाणी फक्त गीझर, न्हाणीघर आणि कपडे धुण्याच्या मशीनला. संडास, फरशी, झाडं यांना बोअरचं थेट पाणी. जड पाण्यानं संडास काही बिघडत नाही.

• पिण्याला आणि स्वयंपाकाला हे पाणी नाही. त्यासाठी नळाचं पाणी, पूर्वीसारखं गाळून. महाराजांच्या आहाराचा चौका लागला की पाणी विहिरीचंच, त्यात बदल नाही.

• वेळापत्रक बंद. मिलमधल्यासारखी थेंबांची बाटली आणली. ती शाळकरी नातवाच्या ताब्यात आहे, रंग लालसर आला की तो ओरडतो. आता वापर दिवसाला ३०० लिटर, म्हणून मीठ दहा दिवसांनी. महिन्याला १२ किलो मीठ आणि ६०० लिटर पाणी.

• मणी धुतल्यावर शेवटी येणारं पाणी फारसं खारट नसतं. ते बादलीत धरून संडासाला वापरतो.

• खारट पाण्याची नळी झाडापासून आणि बोअरजवळच्या शोषखड्ड्यापासून काढून पक्क्या गटाराला जोडली. शोषखड्ड्यात सोडलं असतं तर आज ना उद्या ते मीठ आमच्याच बोअरमधून वर आलं असतं.

• मशीन घेण्याआधी पाणी तपासून घ्या, आणि जडपणाचा आकडा मागा, नुसता टीडीएस नको. खारपाणपट्ट्यातल्या मैत्रिणींनो, तुमचं पाणी खारं असेल तर सॉफ्टनरनं ते गोडं होणार नाही. त्यावर पैसे घालू नका.

शोषखड्ड्यात आता गच्चीचं पावसाचं पाणी जाळीतून आणि वाळूतून गाळून सोडतो. १००० चौरस फुटांच्या गच्चीवर एक सेंटिमीटर पाऊस पडला तरी ९०० लिटरच्या वर पाणी जमतं. बोअरमध्ये जिवाणी परत सोडता येत नाही, ही खंत मला इथं आल्यापासून आहे. पावसाचं पाणी म्हणजे काही जिवाणी नव्हे, हे मला कळतं. तरी पहिल्या पावसात त्या खड्ड्यात पाणी गडगडत उतरताना ऐकलं, तेव्हा सासूबाईंची आठवण आली.

१२ किलो मीठ मात्र अजून दर महिन्याला गटारात जातं. ती बाकी माझ्या नावावर आहे आणि मी ती खोडत नाही. गेल्या वर्षीपासून दशलक्षण पर्वाचे दहा दिवस मशीनचा व्हॉल्व्ह बंद ठेवायचा नियम घेतलाय. भाद्रपदात धरणाचं नि पावसाचं पाणी असतं, त्यावर भागतं. यंदा सूनबाई म्हणाली, "आई, दहाच दिवस का? पाऊस आहे तोवर बंद ठेवू." मी अजून हो म्हटलेलं नाही, पण वहीत लिहून ठेवलंय.

लिंबाच्या झाडाचं विचाराल, तर ते वाचलं नाही. त्या जागची माती पोखरून काढली, शेणखत घातलं, दोन पावसाळे नुसती धुऊ दिली. यंदा तिथं पाणी मुरायला लागलंय. नवीन रोप अजून लावलेलं नाही.

तर पायऱ्यांवर विचारणाऱ्या माझ्या मैत्रिणींनो, मशीन चांगलं आहे. घ्यायचं तर घ्या, पण त्याच्या मागच्या दारची नळी कुठं सोडणार, ते आधी ठरवा.

जय जिनेंद्र.