खिशातला रेडिओ

नऊशे रुपये देऊन रेडिओ घेतला म्हटल्यावर टीममधली पोरं माझ्याकडे बघायलाच लागली. "अरे, फोनमध्ये सगळं आहे की!" हो, आहे. तोच तर प्रॉब्लेम आहे! गाणं लावायला फोन उघडावा तर आधी तीन मेसेज, मग एक मेल... गाणं राहतं बाजूला.

हे खेळणं काडेपेटीपेक्षा जरा मोठं. काटा फिरवायची भानगड नाही, आकडे पडद्यावर दिसतात. ट्यूनिंगचं सगळं काम एक चिप करते, म्हणून इतकं स्वस्त. एफएमसाठी इअरफोनची वायर हीच एरियल. एफएमची लहर साधारण ३ मीटरची, तिच्या पावपट म्हणजे ७५ सेंमी वायर पुरते. तेव्हा ब्लूटूथवाल्यांनी इथे गप्प बसायचं :) घेताना एक मात्र बघा. मीडियम वेव्हवर आपल्याकडे ९ किलोहर्ट्झच्या पायऱ्या, अमेरिकेत १० च्या. आकाशवाणी पुण्याचा आकडा ७९२. दहाच्या पायरीचा रेडिओ ७९० वर थांबतो, नाहीतर थेट ८०० वर. सेटिंग बदलता येतं का, ते आधी विचारून घ्या.

हापिसात खिडकीजवळ एफएम छान लागतं. मीडियम वेव्ह लावलं की नुसती भणभण. मॉनिटर, चार्जर, एलईडी दिवे, सगळ्यांना बोलायचं असतं! टेकडीवर तेच स्टेशन एकदम स्वच्छ. आपण दिवसभर कसल्या गोंगाटात बसतो, ते मला वेताळ टेकडीवर कळलं. आत फेराइटची कांडी असते, त्यामुळे रस्ता वळला की आवाजही थोडा कमीजास्त होतो. एक कान मी मोकळाच ठेवतो, कुत्र्यांसाठी.

कोडिंग करताना बडबडे आरजे चालत नाहीत, इफ-एल्सचा गुंता होतो. विविध भारती बरी. १९५७ पासून चालू आहे आणि पुढचं गाणं कुठलं याची चिंता आपल्याला नाही. नावडतं आलं तर चार मिनिटांत संपतं.

आणि हे बरेचसे कार्यक्रम मुंबईहून देशभर एकाच वेळी लागतात. हे माहीत होतं, पण त्याचा उपयोग नंतर कळला. बाबा नागपूरला असतात, आई गेल्यापासून एकटेच. आमचं फोनवरचं बोलणं म्हणजे "जेवलास का", "हो, तुम्ही?", "ठीक आहे, ठेवतो". त्यांचा रेडिओ मात्र दिवसभर चालू. गेल्या रविवारी फिरून घरी आलो तर फोन वाजतच होता. "आत्ता लागलं होतं ते ऐकलं का रे?" ऐकलं होतं! मी म्हटलं हेमंतकुमार. ते म्हणाले, छे, सुबीर सेन, तुला काय कळतं. वीस मिनिटं भांडलो. मध्येच आई काय म्हणाली असती तेही निघालं, आणि दोघं जरा गप्प झालो. मग ते म्हणाले, "सुबीर सेनच."

नेटवर शोधलं असतं तर मिनिटात कळलं असतं. शोधलं नाही. उद्या परत फोन येईल.