दगडातल्या फुलाचे नाव

गेल्या उन्हाळ्यात नात्यातल्या एका लग्नासाठी आम्ही कोल्हापूरहून महाराष्ट्र एक्सप्रेसने नागपूरला गेलो. सोबत पुतणी होती. ती बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्र शिकते. पुढे एम.एस्सी. करून जीवाश्म वनस्पतींचा, म्हणजे दगड झालेल्या झाडांचा, अभ्यास करायचे तिच्या मनात आहे. त्यावरून घरात दोन महिने वाद चालला होता. "दगड शिकून नोकरी कोण देणार?" असे आम्हीच म्हणालो होतो. लग्न आटोपल्यावर ती म्हणाली, "काका, मला एक दिवस द्या. मोहगाव बघा, मग काय ते बोला."

मोहगाव कलां हे मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यातले गाव. सौंसरपर्यंत गाडीत मराठी कानावर पडत होती, घाट चढल्यावर हिंदी सुरू झाली. गावाच्या शिवारात करडे-पांढरे, गारगोटीसारखे दगड पडले होते. आम्हाला त्यांत काही दिसेना. पुतणीने एक दगड बाटलीतल्या पाण्याने ओला केला आणि भिंग आमच्या हाती दिले. दगडात बारीक ठिपके विखुरलेले दिसले.

"हे ताडामाडाच्या जातीचे खोड असणार," ती म्हणाली. "सागाच्या खोडात वर्तुळे दिसतात, ताडाच्या खोडात असे ठिपके."

आपल्या कोल्हापुरात घराच्या पायात घालतो तो काळा दगड म्हणजे थंड झालेला लाव्हा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी असा लाव्हा दख्खनवर थरावर थर पसरला. दोन थरांच्या मधल्या काळात कुठे कुठे तळी साचली, झाडे वाढली. त्यांची फुले, फळे, लाकडे तळ्यात पडली. पाण्यात विरघळलेली सिलिका त्यांत मुरली आणि त्यांचा दगड झाला. असा दगड कापून, घासून कागदापेक्षा पातळ केला की सूक्ष्मदर्शकाखाली त्या झाडाच्या पेशी दिसतात.

अडचण पुढेच आहे. सबंध झाड कधी सापडत नाही. कुठे फळ, कुठे फूल, कुठे लाकूड. म्हणून शास्त्रज्ञ प्रत्येक तुकड्याला वेगळे नाव देतात. आम्ही कारकून माणसे; आम्हाला लगेच उचंत खाते आठवले. रकमेचा धनी कळेपर्यंत ती उचंत खात्यात ठेवायची, अंदाजाने कुणाच्या नावावर टाकायची नाही. पावती मिळाली की वळती करायची.

मोहगावच्या दगडातही असेच घडले. १९४३ साली बिरबल साहनी यांनी इथल्या एका फळाला 'एनिग्मोकार्पॉन' हे नाव दिले. त्याचा अर्थ कोड्यात टाकणारे फळ. १९४४ साली व्ही. बी. शुक्ल यांनी इथल्याच एका फुलाचे वर्णन केले आणि साहनींच्या मानार्थ त्याला 'साहनिअँथस' म्हटले. फुलाच्या बीजकोशाची रचना फळाशी ताडून पाहिली, तेव्हा दोघांचे नाते उमगले. आणि कूळ कोणते? आपल्या मेंदीचे, डाळिंबाचे आणि महाराष्ट्राचे राज्यफूल असलेल्या ताम्हणाचे!

साहनींनी १९४६ साली लखनौला याच अभ्यासासाठी संस्था काढली. ती आजही चालू आहे. आमच्या नोकरीच्या प्रश्नाचे थोडे उत्तर तिथे होते.

आठवण म्हणून एखादा दगड पिशवीत टाकावा, असे आम्हाला वाटले. पुतणीने हात धरला. "काका, तो कुठून उचलला हे हरवले, की त्याची किंमत गेली." आम्ही दगड होता तिथे ठेवला.

परतीच्या गाडीत ती झोपली आणि आम्ही विचार करत बसलो. बारावीला तिला गणितात कमी गुण पडले, तेव्हापासून "हिला शास्त्र झेपायचे नाही" असे घरात आम्हीच म्हणत आलो. एक तुकडा हाती आला आणि आम्ही सबंध पोरीला नावे ठेवून मोकळे झालो. दगडातल्या फुलाला नाव देणाऱ्यांनी आमच्याहून जास्त धीर धरला होता.

कोल्हापूरला उतरल्यावर आम्ही एवढेच विचारले, "एम.एस्सी.चा फॉर्म कधी निघतो?"