संध्याकाळचे तीन तास

दसरा झाला की बालाघाटच्या डोंगरातली गावं रिकामी व्हायला लागतात. बीड जिल्ह्याच्या धारूर-वडवणी पट्ट्यातली, मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी ट्रॉलीत संसार भरून ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रातल्या नाहीतर कर्नाटकातल्या साखर कारखान्यांवर जातात, ती मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. मुलं मागे राहतात. काही हंगामी वसतिगृहात, बरीचशी आजी-आजोबांकडे. म्हणून शाळांमध्ये मुलांच्या मनःस्थितीची पाहणी करायचं ठरलं, तेव्हा मी एका गोष्टीवर अडून बसले: आईबापांची संमती दसऱ्याच्या आधी घ्यायची. संशोधनासाठीच्या आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पालकांच्या संमतीबरोबर मुलाचा स्वतःचा होकारही लागतो. आम्हीही तेच पाळलं. मुलांना सांगितलं, कोरा कागद पेटीत टाकलात तरी चालेल. काहींनी टाकला. त्यांना पुन्हा कुणीही विचारलं नाही.

पाहणीचं कारण साधं होतं. गावातल्या किशोरवयीन मुलामुलींसाठी वर्षभराचे उपक्रम आखायचे होते आणि मोठ्यांची यादी आधीच तयार होती: पोलीसभरतीचं मार्गदर्शन, व्यक्तिमत्त्व विकास शिबिर, मोबाइलच्या दुष्परिणामांवर व्याख्यान. यादीत वाईट काही नव्हतं, पण ती करताना एकाही मुलाला कुणी काही विचारलं नव्हतं.

प्रश्नावलीचा पहिला भाग जागतिक आरोग्य संघटनेच्या पाच विधानांचा घेतला. गेल्या दोन आठवड्यांत आनंदी वाटलं का, शांत वाटलं का, उत्साह होता का, सकाळी ताजंतवानं होऊन जाग आली का, दिवस आवडीच्या गोष्टींनी भरलेला होता का. प्रत्येकाला शून्य ते पाच गुण, बेरीज पंचवीसपैकी, तिला चारनं गुणलं की शंभरपैकी आकडा येतो. त्याला आमचे प्रश्न जोडले: शाळा सुटल्यावर कुठे असतोस, सोबत कोण असतं, मन जड झालं तर कुणाशी बोलतोस, गावात कुठे जायची भीती वाटते.

पेटी ठेवून शिक्षक वर्गाबाहेर गेले. तरी शेजारच्याच्या कागदावर नजर जायचीच. "मॅडम, ह्याला मार्क किती?" असं एकानं विचारलं. मग मी बाकांवरची मुलं लांब-लांब बसवली आणि प्रत्येक विधान मोठ्यानं वाचलं.

सगळ्यात जास्त वाद झाला तो नावावरून. नाव लिहायला लावलं तर मूल खरं सांगणार नाही, आणि नाव नसेल तर जीव नकोसा झालेलं मूल आपल्या हातातून निसटेल. शेवटी आम्ही वेगळी चिठ्ठी दिली: 'मला कुणाशी तरी बोलायचं आहे.' ज्याला हवं त्यानं नाव लिहून दुसऱ्या पेटीत टाकायची. ग्रामीण रुग्णालयातल्या मैत्री क्लिनिकच्या समुपदेशकांशी आधीच बोलून ठेवलं होतं. आणि मुलांना अगोदरच स्पष्ट सांगितलं, की कुणी अंगावर हात टाकत असेल तर ते मी गुपित ठेवू शकणार नाही, पॉक्सो कायद्यानं मला ते कळवावंच लागतं. हे ऐकून एखादं मूल गप्प राहील अशी भीती होती. तरीही खोटा शब्द देऊन बोलतं करण्यापेक्षा हे मला बरं वाटलं.

पाहणी दोनदा केली, आईबाप गावात असताना सप्टेंबरमध्ये आणि ते गेल्यावर जानेवारीत. दोन्ही वेळचे कागद शेजारी ठेवले तेव्हा चित्र उघडलं. मुलींच्या कागदांवर सगळ्यात जास्त घसरले होते ते चौथ्या विधानाचे गुण, ताजंतवानं होऊन उठण्याचे. आई फडावर असते तेव्हा पाणी, भाकरी, धाकटी भावंडं आणि म्हातारी, सगळं आठवी-नववीतल्या मुलीवर येतं. 'शाळा सुटल्यावर कुठे'च्या उत्तरांतून पाच ते आठची वेळ पुन्हा पुन्हा पुढे येत होती. मुलगे टपरीवर किंवा पारावर, मुली आतून कडी लावून घरात. 'कुणाशी बोलतोस' पुढे 'कुणाशी नाही' लिहिणाऱ्यांत मुलगेही होते आणि मुलीही. मोठ्यांची यादी विषयांची होती आणि मुलं आम्हाला वेळ सांगत होती.

आइसलँडचं उदाहरण मी याच कारणासाठी उपक्रम ठरवण्याच्या बैठकीत मांडलं. तिथे १९९८ साली पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुलं महिन्याभरात दारू पिऊन झिंगलेली असायची, २०१६ मध्ये ते प्रमाण ५ टक्क्यांवर आलं. तिथे नियमित निनावी पाहणी होते, निकाल काही आठवड्यांतच ज्या-त्या गावाच्या आणि शाळेच्या हाती पडतात, आणि शाळेनंतरच्या वेळेसाठी खेळ, संगीत, क्लब यांवर सरकारी पैसा खर्च होतो. त्यांचा पैसा आपल्याकडे नाही, पण मुलांनी सांगितलेलं त्याच हंगामात गावापुढे ठेवणं आपल्याला जमण्यासारखं आहे.

गावाच्याही आधी ते मुलांपुढे ठेवलं. काही जणांना शाळेचे वर्गवार आकडे हवे होते, ते दिले नाहीत. वर्गात सात-आठच मुली असतील तर नाव न लिहिताही कोण ते कळतं. मुलींनी आकडे ऐकले आणि संध्याकाळी एकत्र बसायची जागा हवी म्हणाल्या, पण अट घातली: "धाकट्याला संगं आणू दिलं तरच येऊ." इतका मोलाचा सल्ला मला त्या सबंध कामात दुसरा मिळाला नाही. ही अट कळली नसती तर अभ्यासिका उघडली असती आणि ज्यांच्यासाठी उघडली त्याच मुली घरी राहिल्या असत्या.

ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातला दहा टक्के वाटा महिला व बालकल्याणासाठी असतो. ग्रामसभेत आम्ही त्यातूनच मागणी केली. आता समाजमंदिर पाच ते आठ उघडं असतं, दारात आणि वाटेवर दिवे लागले आहेत, बचतगटाच्या दोघी मानधनावर थांबतात, एका कोपऱ्यात सतरंजीवर धाकटी खेळतात. मुलगे व्हॉलीबॉलला येतात. पोलीसभरतीचं मार्गदर्शन रविवारी सकाळी चालू आहे, त्याची गरज असलेली मोठी मुलं आहेतच.

पुढच्या सप्टेंबरच्या प्रश्नावलीत मुलींना एक प्रश्न वाढवून हवा आहे: पुढच्या वर्षी मी शाळेत असेन असं मला वाटतं का? २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यात वीस ते चोवीस वयाच्या २१.९ टक्के स्त्रियांची लग्नं अठराच्या आत झालेली आढळली होती, आणि बीडमधलं प्रमाण त्याच्या जवळजवळ दुप्पट होतं. म्हणून हा प्रश्न आम्ही घालणार आहोत. मात्र 'नाही' असं उत्तर आलं तर दुसऱ्या दिवशी कुणी काय करायचं हे आधी ठरायला हवं. गावपातळीवर बालविवाह प्रतिबंध अधिकारी म्हणून जबाबदारी ग्रामसेवकांची, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांची असते. त्यांच्यासोबत आणि मुख्याध्यापकांसोबत बैठक पोळ्याच्या आधी घ्यायची ठरली आहे.