कळ कोणाच्या हातात

डॉसमध्ये एका वेळी एकच प्रोग्रॅम चालायचा. तरीही वर्डस्टारमध्ये पत्र टाइप करता करता कंट्रोल आणि ऑल्ट एकत्र दाबलं की पत्राच्या डोक्यावरच मेनू उघडायचा आणि त्यातून कॅल्क्युलेटर. ही करामत १९८४ साली आलेल्या बोरलंडच्या साइडकिकची. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी चाटच पडलो होतो.

आतली युक्ती साधी, आणि दांडगाईची. साइडकिक काम संपल्याचं सांगून निघून जायचं, पण खरं तर मेमरीत दबा धरून बसायचं. कळ दाबली की उठणारा नऊ नंबरचा इंटरप्ट आधी त्याच्याकडे जायचा. परवानगी वगैरे भानगडच नव्हती. मात्र असा दुसरा दांडगा मेमरीत आला की जुंपलीच! साइडकिकला सगळ्यात शेवटी लोड व्हायचं असे आणि दुसऱ्यालाही तेच हवं असे. मग ऑटोएक्झेक फाइलमधल्या ओळी वरखाली करत आमची दुपार जाई. त्या दुपारीही आता गोड वाटतात, हे वयाचं लक्षण असावं.

विंडोजने रांग लावली. रजिस्टर-हॉट-की म्हणायचं, आधी मागेल त्याला कळ, नंतरच्याला नकार. लिनक्सवर खिडक्या आणि कळा सांभाळणाऱ्या एक्स-इलेव्हनमध्ये त्यासाठी एक्स-ग्रॅब-की. तिथे मी चांगलाच आपटलो. चिठ्ठ्या टिपून ठेवायचं माझं छोटं अ‍ॅप, कंट्रोल-ऑल्ट-एमवर उघडणारं. एका अकाउंटंटबाईंचा फोन आला, "सकाळी चालतं हो, बिलं टाकायला घेतली की बंद पडतं." दोन दिवस डोकं खाजवलं. बाई आकड्यांसाठी नमलॉक लावत होत्या! एक्स-इलेव्हनच्या हिशेबी नमलॉकसकटचं कंट्रोल-ऑल्ट-एम वेगळं, कॅप्सलॉकसकटचं वेगळं, दोन्हींसकटचं आणखी वेगळं. एकच कळ चार वेळा मागून घेतली तेव्हा बिलं सुरळीत झाली.

आता अ‍ॅप बनवायच्या इलेक्ट्रॉनमध्ये 'कमांड-ऑर-कंट्रोल' असं एकदा लिहिलं की मॅकवर कमांड, बाकी ठिकाणी कंट्रोल. पण लिनक्सवर एक्स-इलेव्हनच्या जागी आलेल्या वेलँडने तर दारच लावून घेतलंय. समोर नसलेल्या अ‍ॅपला कळा दिसतच नाहीत. पोर्टल नावाच्या मध्यस्थाकडे अर्ज करायचा, हवी ती कळ फक्त सुचवायची, ठरवणार वापरणारा. मला सुरुवातीला राग आला होता. पण पासवर्ड चोरणारेही आमच्यासारखेच कळांवर कान ठेवून बसत, हे कसं नाकारू?

परवा एका जुन्या डीटीपीवाल्या काकांनी अ‍ॅप घेतलं. मी सुचवलेलं कंट्रोल-ऑल्ट-एम त्यांनी खोडलं आणि स्क्रोललॉक निवडलं. "अहो, मराठी-इंग्रजी करायला तीस वर्षं हीच कळ दाबली," म्हणाले. "बोट आपोआप तिकडेच जातं."